कुंकवाची सव्वीस बोटे

सोमवार, ८ एप्रिल २०२४. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. उत्तरेश्वर गोरे याने गोठ्यामागच्या गंजीवरची फाटकी ताडपत्री बाजूला केली आणि कडब्याच्या पेंढ्या मोजल्या. शहाण्णव भरल्या. एखादी खालच्या थरात दबून राहिली असेल म्हणून त्याने दुसऱ्या टोकाकडून मोजणी केली, पुन्हा शहाण्णवच. दोन बैलांना दिवसाकाठी सहा पेंढ्या लागत. सोळा दिवसांची वैरण उरली होती.

लोहारा तालुक्यातल्या कवठेवाडीत त्या वर्षी खरिपाचे सोयाबीन गुडघ्याएवढेही वाढले नव्हते आणि रब्बीची ज्वारी ओलीअभावी उगवलीच नव्हती. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही. गंजीतला कडबा आदल्या वर्षीचा, काळवंडलेला होता. गोऱ्यांची जमीन अडीच एकर आणि बैलांची नावे वजीर व सरदार. राज्याच्या मानाने दरबार मोठा आहे, असे गावातले लोक म्हणत आणि उत्तरेश्वरही त्यावर हसत असे. या उन्हाळ्यात त्याचे हसणे कमी झाले होते. विहीर होळीच्या आधीच आटली होती. एक किलोमीटरवरच्या शांतलिंगअप्पांच्या बोअरवरून तो मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून पाणी आणी. दिवसाला चार खेपा होत. भरलेले कॅन उचलून उचलून त्याचा उजवा खांदा सुजला होता आणि त्याची बायको लीला रोज संध्याकाळी तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीने तो शेकत असे.

नऊ वाजता बैलांची खरेदी-विक्री करणारा हेडी आला. उत्तरेश्वरनेच त्याला निरोप धाडला होता. हेड्याने चहा घेण्याआधी वजीरच्या ओठात अंगठा घालून दात पाहिले, शेपूट वर उचलली, मागच्या पायाच्या सांध्यावर मुठीने ठोकून पाहिले. परक्या माणसाची बोटे वजीरच्या तोंडात कधी गेली नव्हती. तो मान ताठ करून उत्तरेश्वरकडे पाहत उभा राहिला आणि उत्तरेश्वर जमिनीकडे पाहत राहिला. मग हेड्याने खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. रुमालाखाली आधी चार बोटे दाबली गेली, नंतर एक. जोडीचे एक्केचाळीस हजार.

उत्तरेश्वरने हात काढून घेतला आणि कडबा आहे तोवर थांबू, असे सांगितले. हेड्याला घाई नव्हती. त्याने गंजीकडे एकदा पाहिले आणि चोवीस तारखेला टेम्पो घेऊनच येतो म्हणाला.

"वैरण सरली की बैल आपणहून गाडीत चढतंय," असे तो जाताजाता बोलला. "मालकालाबी मग जड जात न्हाय."

गोठ्याच्या दाराशी उत्तरेश्वरची आई सारजाबाई लाकडाच्या ओंडक्यावर कडबा तोडत बसली होती. वय त्र्याहत्तर. पेंढी तशीच टाकली तर बैल शेंडे खातात आणि जाड बुडखे टाकून देतात. म्हणून ती कुऱ्हाडीने वीतवीत तुकडे करी आणि त्यावर मिठाचे पाणी शिंपडी. हेडी बोलत असताना तिची कुऱ्हाड थांबली नव्हती. तो गेल्यावरही थांबली नाही. दोन्ही बैल तिच्या घरच्या गायीच्या पोटचे होते. सरदार पायाळू जन्मला त्या दिवशी तिने स्वतः कोपरापर्यंत हात घालून त्याला बाहेर ओढला होता.

दुपारी जेवताना ती म्हणाली, "ह्यांनी ठेवलेला कागुद मोडू."

लीलाचा भाकरी थापणारा हात परातीवरच राहिला. त्या घरात तो कागद मोडण्याची गोष्ट कधी कोणी काढली नव्हती.

सारजाबाईचा नवरा ज्योतिराम याने एका दिवाळीला तालुक्याच्या पोस्टातून किसान विकास पत्र आणले होते. जाड, हिरवट, वेलबुट्टीचा कागद. वर ठळक छापलेले होते, पाच हजार रुपये. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याने तो पाटावर ठेवला आणि सांगितले की ही लक्ष्मी बसल्या जागी वाढते, हिला मोडायचे नाही. सारजाबाईने केरसुणीला लावले तसेच कागदालाही कुंकवाचे बोट लावले. पुढच्या दिवाळीला पहिल्या बोटाच्या शेजारी दुसरे लावले. मग दरवर्षी एक. ज्योतिराम जाऊन चौदा वर्षे झाली होती. घराचे पत्रे बदलले, लीलाचे बाळंतपण आणि नंतरचे पोटाचे दुखणे निभावले, पण कागद ट्रंकेतून वर्षातून एकदाच बाहेर येई आणि बोट लावून परत जाई. ओल्या कुंकवाची रांग हळूहळू क्रमांकावरून, नावावरून आणि पोस्टाच्या शिक्क्यावरून गेली होती.

उत्तरेश्वरने मोबाइल काढला. साडेपाच वर्षांत दुप्पट, एवढे त्याला बापाच्या तोंडचे आठवत होते. पाचाचे दहा, दहाचे वीस, विसाचे चाळीस असे करत तो एक लाख चाळीस हजारांच्या जवळ पोहोचला. आकडा त्याने आधी बायकोला दाखवला, मग आईला. बैल राहतील, पत्र्याचे शेड होईल, घरचे बोअर होऊन त्यावर मोटर बसेल, असे तो सांगू लागला. खांदा शेकायची त्या दिवशी त्याला आठवण राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गुढी उभारून झाल्यावर सारजाबाई कागद पदराखाली घेऊन शांतलिंगअप्पांकडे गेली. शांतलिंगअप्पा ज्योतिरामचे सोबती. सोलापूरच्या तंत्रनिकेतनात शिकून त्यांनी चौतीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपांची देखभाल केली होती. कोणतीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय ते बोलत नसत. गावाला याचा कंटाळा होता, आणि अडचण आली की त्यांच्याच पडवीत यायचीही सवय होती. त्यांनी उत्तरेश्वरचा आकडा ऐकून घेतला. किंमत पोस्ट सांगेल, आपण अंदाज करू नये, एवढेच सांगितले.

बुधवारी सारजाबाई, उत्तरेश्वर आणि अप्पा असे तिघे जण वडापच्या जीपने तालुक्याला गेले. पोस्टात गर्दी होती. सारजाबाईने फडक्यातून कागद काढून खिडकीत ठेवला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका माणसाने तो पाहिला.

"आजी, पोस्टाची वटी भराय आलाव का?" त्याने विचारले. रांगेतले चारपाच जण हसले. सारजाबाईने पदर पुढे ओढला.

खिडकीतला कारकून हसला नाही. गुरुप्रसाद त्याचे नाव, तुळजापूरचा राहणारा, पन्नाशीचा. देवापुढचे ताम्हन उचलावे तसा त्याने कागद दोन्ही हातांनी कडेला धरून उचलला आणि उजेडाकडे नेला. रक्कम वाचता येत होती. क्रमांकाचे शेवटचे तीन अंक दिसत होते, चार, सात, दोन. बाकी क्रमांक, खातेदाराचे नाव आणि तारखेचा शिक्का कुंकवाखाली गेला होता. खरवडून पाहू का, असे उत्तरेश्वरने विचारताच त्याने कागद मागे घेतला. खरवडले तर छपाईही निघेल म्हणाला.

मग त्याने शांतपणे समजावले. नाव आणि तारीख कळल्याशिवाय आजची किंमत सांगता येत नाही. त्या काळची विक्रीची रजिस्टरे मागच्या खोलीत आहेत, दर वर्षाची वेगळी, काहींना उंदीर लागलेले. दहाबारा वर्षांची सगळी पाने चाळायला त्याला सवड नव्हती आणि ते त्याने लपवले नाही.

"साल सांगा, आजी. दिवाळीचा महिना म्या स्वतः काढून बघतो."

सारजाबाईला साल सांगता येईना. कागद आला तेव्हा उडीद चांगला पिकला होता, हे तिला आठवत होते. उत्तरेश्वर तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. त्या हिशेबाने तीनचार साले निघत होती.

गुरुवारी सकाळी शांतलिंगअप्पांच्या पडवीत कागद पांढऱ्या पंचावर पसरला गेला. अप्पांनी भिंग आणले. पंपाच्या दांड्याचे आटे तपासायला ते वापरत, तेच. त्यांनी सारजाबाईला विचारले की दर दिवाळीला एकच बोट लावता ना, कधी दोन तर लावली नाहीत? एकच, असे ती ठामपणे म्हणाली. मग अप्पा सुईच्या टोकाने एकेक ठिपका दाखवत मोजू लागले. सव्वीस. उलटीकडून पुन्हा सव्वीस.

"शेवटची दिवाळी दोन हजार तेवीसची," ते उत्तरेश्वरला म्हणाले. "त्यातनं सव्वीस वजा केले की सत्त्याण्णव येतंय. पण हितंच माणूस चुकतंय. पैली आन् शेवटची दोन्ही धरायची, म्हणून एक मिळवायचा. अठ्ठ्याण्णव."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. उत्तरेश्वरने कौतुकाने मान हलवली. सारजाबाई त्या तांबड्या रांगांकडे पाहत बसली होती.

शुक्रवारी गुरुप्रसादने शब्द पाळला. जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या खोलीत गेला आणि अठ्ठ्याण्णव सालचे रजिस्टर धूळ झटकून घेऊन आला. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. प्रत्येक ओळीवरून त्याने पट्टी खाली सरकवली. चार-सात-दोनवर संपणारा पाच हजारांचा एकही क्रमांक निघाला नाही, आणि कवठेवाडीचा गोरेही निघाला नाही. त्याने पाने पुन्हा चाळली. त्याचा जेवणाचा डबा टेबलावर बंदच राहिला होता.

तिघे जीपने गावी परतले. गावात बोलणे सुरू झाले होते. उत्तरेश्वरचे एक लाख चाळीस हजार त्याच्याआधी पारावर पोहोचले होते. लाखाची लक्ष्मी उंदरांनी खाल्ली काय, असे कोणीतरी त्याला विचारले. गंजीत त्या संध्याकाळी सहासष्ट पेंढ्या होत्या. उत्तरेश्वरने त्या मोजल्या आणि लीलाला म्हणाला की हेड्याला नाही म्हणायचे काही कारण आता उरले नाही. सारजाबाईने ते गोठ्यातून ऐकले. सरदारची मान खाजवणारा तिचा हात तसाच फिरत राहिला.

शनिवार गेला. रविवारी दुपारी तीनच्या उन्हात डोक्यावर पंचा टाकून शांतलिंगअप्पाच गोऱ्यांच्या घरी आले. दोन दिवस त्यांना चैन नव्हते. वजाबाकी बरोबर होती, एक मिळवणेही बरोबर होते, तरीही उत्तर चुकले होते, आणि हे त्यांच्या आयुष्यात फार वेळा घडलेले नव्हते. त्यांच्या हातात व्हर्नियर कॅलिपर होता. त्यांनी कागद मागितला आणि घोंगडीवर बसून प्रत्येक ठिपक्याची रुंदी मोजायला सुरुवात केली. लीलाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांनी तो पाहिला नाही.

पहिले बारा ठिपके तेरा मिलिमीटरच्या आसपास भरले. तेरावा नऊ. चौदावा नऊ. त्यापुढचे शेवटपर्यंत नऊ-साडेनऊ.

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "बारानंतर बोट बदललंय," ते म्हणाले. "वैनी, पुढची चौदा तुमची न्हायत."

सारजाबाईने मान हलवली. लीलाने आपल्या उजव्या हाताची अनामिका पुढे धरून पाहिली. बारीक, निमुळते बोट होते. सारजाबाईची बोटे खुरप्याने आणि कुऱ्हाडीने पसरट झालेली होती.

"मामंजी गेल्यापासनं म्या लावते," लीला म्हणाली. "आत्याबाईंनी कुंकवाला हात लावायचा सोडला."

"कवापासनं? त्याच दिवाळीपासनं?"

लीलाने सासूकडे पाहिले. बाहेर वजीरने गव्हाणीतले उरलेसुरले चघळ शिंगाने उडवले, त्याचा आवाज आला.

"त्या दिवाळीला न्हाय," सारजाबाई म्हणाली. "भादव्यात गेले ते. वरीस सरलं नव्हतं. त्या साली घरात दिवाळीच केली न्हाय. पणतीबी लावली न्हाय, आन् ट्रंकबी उघडली न्हाय."

शांतलिंगअप्पांनी कॅलिपर मिटला. ज्योतिरामच्या तिरडीला त्यांनीही खांदा दिला होता. ते साल त्यांना पाठ होते, आणि तरीही त्यांनी ते हिशेबात धरले नव्हते.

"एक साल मोजायचं राहिलं माझं, वैनी."

"तुमी बराबर मोजलं, अप्पा. म्याच लावलं न्हाय."

सोमवारी सकाळी साडेदहाला तिघे पुन्हा त्या खिडकीशी उभे होते. गुरुप्रसादने सत्त्याण्णवचे रजिस्टर काढले. त्याचा एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला होता. ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेच्या पानावर पट्टी थांबली. चार, सात, दोन. रक्कम पाच हजार. त्याने ओळ स्वतःशी एकदा वाचली आणि मग रजिस्टर फिरवून उत्तरेश्वरपुढे धरले. उत्तरेश्वरने ओळीवर बोट ठेवून वाचले.

"आई, तुझं नाव हाय. सौभाग्यवती सारजाबाई ज्योतिराम गोरे."

सारजाबाईला ते खरे वाटेना. तिच्या नावावर घर नव्हते, रान नव्हते, कोंबडीसुद्धा नव्हती. गुरुप्रसादने रजिस्टरसोबत बांधलेला खरेदीचा अर्ज उलगडला. त्याच्या तळाशी जांभळ्या शाईचा अंगठा होता. तेव्हा तिला आठवले. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी नवऱ्याने शाईचा पॅड घरी आणून तिचा अंगठा घेतला होता आणि रेशनचा कागद आहे म्हणून सांगितले होते.

"लबाड माणूस," ती अंगठ्याकडे पाहत म्हणाली.

त्यानंतर गुरुप्रसादने किंमत काढली. कागदावर मांडून, वाचून दाखवत काढली. साडेपाच वर्षांत पाचाचे दहा हजार झाले, दोन हजार तीन सालच्या एप्रिलमध्ये. हे दुप्पट होणे एकदाच असते, पुन्हा पुन्हा नसते. मुदत सरल्यावर पुढे फक्त दोन वर्षे बचत खात्याच्या दराने व्याज, ते सातशे. तिथून पुढे काही नाही. एकूण दहा हजार सातशे रुपये.

उत्तरेश्वरने खिडकीच्या कठड्याला हात टेकला. मोटर, शेड, सगळे त्याने मनात जागच्या जागी बसवले होते. त्याच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. रांगेत मागे कोण उभे आहे हे त्याने वळून पाहिले नाही.

"म्हंजी एकोणीस वर्सं हे वाढत नव्हतं?" सारजाबाईने विचारले.

"न्हाय, आजी."

"आन् आमी कुंकू लावत व्हतो."

गुरुप्रसादने अर्ज भरायला घेतला. मंजुरी धाराशिवहून येईल, आठदहा दिवस लागतील. चोवीसच्या आत यावी म्हणून आपण पाठपुरावा करू, असे त्याने सांगितले. चोवीस ही तारीख शांतलिंगअप्पांनी त्याला सांगितली होती, आणि तिचे कारणही.

पोस्टाबाहेर लिंबाच्या सावलीत तिघे बसले. उत्तरेश्वर बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. मग तो म्हणाला की एवढ्याशा पैशांत काही होत नाही, हेडी एक्केचाळीस देतो आहे, बैल जाऊ दे. हे दहा हजार तुझ्या औषधपाण्याला ठेव. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. दुखणारा खांदा त्याने डाव्या हाताने धरून ठेवला होता.

"कागुद कुणाच्या नावावर हाय?" सारजाबाईने विचारले.

"तुझ्या."

"मंग भाव इचार."

"कशाचा?"

"कडब्याचा."

उत्तरेश्वरने आईकडे पाहिले, मग अप्पांकडे. अप्पा झाडाच्या शेंड्याकडे पाहत होते. त्याने मोबाइल काढून नळदुर्गकडच्या एका बागायतदाराला फोन लावला. त्याच्याकडे विहिरीच्या पाण्यावर ज्वारी झाली होती. पेंढीला बत्तीस रुपये, ट्रॉलीने गोठ्यापर्यंत पोच. अप्पांनी खिशातली पेन्सिल काढली. दहा हजार सातशेला तीनशे चौतीस पेंढ्या. बैलाला दिवसाला तीन, दोघांना सहा. पंचावन्न दिवस. चोवीस एप्रिलपासून धरले तर सतरा जूनपर्यंत, मिरग लागून दहा दिवस उलटेपर्यंत. तोवर बांधावर तोंड घालण्यापुरते हिरवे उगवते. त्यांनी गुणाकार दुसऱ्यांदा केला आणि कागद उत्तरेश्वरला दिला.

उत्तरेश्वरने तो वाचला. "पाणी?" त्याने विचारले. "पाण्याच्या खेपा माझ्याच खांद्यावर."

"दोन खेपा म्या बैलगाडीनं आणते," सारजाबाई म्हणाली. "ज्यांना प्यायचं हाय त्यांनीच वढावं."

अप्पा हसले. उत्तरेश्वरला हसायचे नव्हते, पण त्यालाही आवरले नाही.

पुढचे आठ दिवस मोजून गेले. सारजाबाई खरोखरच पहाटे गाडी जुंपून पाण्याला जाऊ लागली. दुपारी शांतलिंगअप्पांचा पोस्टात फोन जाई आणि गुरुप्रसादचे तेच उत्तर येई, अजून नाही. लीलाने बांधावरच्या सुबाभळीचा पाला ओरबाडून आणायला सुरुवात केली. तिच्या हातांना फोड आले. मंगळवारी, तेवीस तारखेला, संध्याकाळी शेवटच्या सहा पेंढ्या तोडल्या गेल्या. गंजीच्या जागी काळी, दबलेली, चौकोनी जमीन उरली. त्याच संध्याकाळी सव्वापाचला गुरुप्रसादने आपणहून फोन केला. मंजुरी आली होती.

बुधवारी सकाळी सारजाबाई पोस्टात गेली ती नवीन लुगडे नेसून. गुरुप्रसादने तिला खिडकीतून आत बोलावून खुर्ची दिली आणि कागद पालथा करून समोर ठेवला. मागची बाजू कोरी होती. पैसे मिळाल्याचा अंगठा तिथे करायचा होता. कागद आता पोस्टाकडेच राहील, हेही त्याने सांगितले.

तिने कागद उचलून सुलट केला आणि तांबड्या रांगा एकदा शेवटपर्यंत पाहिल्या. आपली बारा. लीलाची चौदा. मग तो पुन्हा पालथा ठेवला, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि गुरुप्रसादने दाखवलेल्या जागी नीट, न हलवता टेकवला.

"एक राहिलं व्हतं," ती म्हणाली. "झालं पुरं."

गुरुप्रसादने तिला बोट पुसायला आपला रुमाल दिला.

चार वाजता कडब्याची ट्रॉली कवठेवाडीत शिरली, तेव्हा हेड्याचा टेम्पो गोठ्यासमोर येऊन अर्धा तास झाला होता. हेडी चाकाला टेकून उभा होता. सुबाभळीच्या पाल्यावर दिवस काढलेले दोन्ही बैल कडब्याच्या वासाने दावे ताणून उभे राहिले. हेड्याने ट्रॉलीकडे पाहिले, उत्तरेश्वरकडे पाहिले आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्याने स्वतःचे तोंड पुसले. लाखाची लक्ष्मी निघाली म्हणायची, असे तो बोलला. उत्तरेश्वरने त्याला बसायला घोंगडी टाकली आणि लीलाला चहा ठेवायला सांगितले. चहा पिऊन तो रिकामा टेम्पो घेऊन गेला.

मग उत्तरेश्वर ट्रॉलीवर चढला. उजवा हात वर जात नव्हता म्हणून तो डाव्या हाताने पेंढ्या खाली देऊ लागला. खाली लीला त्या झेलून सारजाबाईकडे देई आणि सारजाबाई जुन्या गंजीच्या चौकोनावर, बुडखे बाहेर आणि शेंडे आत असे थर रचत जाई. शांतलिंगअप्पा दगडावर बसून शंभराला एक खडा बाजूला ठेवत होते. पहिली पेंढी रचण्याआधी सारजाबाईने तिच्यावरून हात फिरवला होता. अंगठ्याच्या रेषांत उरलेली जांभळी शाई घामाने ओलावली असावी, कारण पाचोळ्यावर तिचा डाग उमटला. तीच पेंढी तिने वजीर-सरदारापुढे सोडली आणि अप्पांना ती मोजणीत धरायला सांगितली.

दिवस मावळायच्या आत ट्रॉली रिकामी झाली. अप्पांनी खडे पाहिले, गंजीचे थर एकदा वरून आणि एकदा खालून मोजले, बैलांपुढची एक त्यात मिळवली.

तीनशे चौतीस.